घरी बनवलेला ठावठिकाणा

हौशी ड्रोनच्या पाठीवर एक काडी उभी असते आणि काडीच्या टोकाला एक गोल चकती. पहिल्या पावसानंतर बांधावर उगवणाऱ्या अळंबीसारखी ती दिसते. पंखे, मोटारी, बॅटरी यांचं काम पाहणाऱ्याला लगेच कळतं. ही चकती हलत नाही, आवाज करत नाही, आणि तिचा त्या यंत्राशी काय संबंध हे कुणी सांगितल्याशिवाय समजत नाही. ती बंद पडली, की मात्र दीड किलोच्या त्या सांगाड्याला आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं आणि वारा नेईल तिकडे तो सरकू लागतो.

पुण्याच्या बुधवार पेठेत टीव्हीपासून मोटारींच्या कंट्रोलरपर्यंत हाती येईल ते दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या टेबलावर अशी एक फुटलेली चकती मी पाहिली. ड्रोन त्याच्या भाचीचा. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जोराच्या वाऱ्यात ड्रोन बाभळीत शिरला, मोटारी वाचल्या, पंखे नवे बसले, पण चकतीच्या आतली सर्किटची पाटी मधोमध तडकली होती. नावं छापू नका असं दोघांनी सांगितलं, म्हणून या लेखात ती मामा आणि भाची एवढीच आहेत. त्यांनी ती चकती नव्याने, स्वतःच्या हाताने बनवायला घेतली.

झाकण काढल्यावर आत फार काही नसतं. २५ मिलिमीटर चौरसाची सिरॅमिकची अँटेना, तिच्याखाली उपग्रहांचे संदेश ऐकणारा रिसीव्हर चिप, होकायंत्राचा आणखी एक बारीक चिप, वीज गेल्यावरही रिसीव्हरची आठवण शाबूत ठेवणारी छोटीशी बॅटरी, आणि या सगळ्यांचं बोलणं एकत्र करून ड्रोनच्या मुख्य कंट्रोलरकडे पाठवणारा एक मायक्रोकंट्रोलर. यातली प्रत्येक वस्तू पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटी मिळते. मिळत नाही ती एकच गोष्ट: या वस्तूंनी कंट्रोलरशी कोणत्या भाषेत बोलायचं, याची माहिती.

भाचीच्या ड्रोनवरचा कंट्रोलर होता शेन्झेनच्या डीजेआय कंपनीचा नाझा-एम. गेल्या दशकाच्या सुरुवातीला जगभरच्या हौशी मंडळींच्या हातात तो होता. एफ-४५० नावाच्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ४५० मिलिमीटर भरणाऱ्या सांगाड्यावर नाझा बसवायचा, हा आपल्याकडच्या कॉलेजांतल्या कितीतरी प्रकल्पांचा ठरलेला बेत असे. पुढे कंपनीने तो बनवणं थांबवलं. जुन्या बाजारात अधूनमधून मिळणाऱ्या चकत्या आता वयस्क झाल्या आहेत, आणि रिसीव्हरला वय लागतं ते फक्त गंजाचं नसतं. जीपीएसचे उपग्रह चालू आठवड्याचा क्रमांक १० बिटांत पाठवतात, म्हणजे ० ते १०२३. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तो आकडा पुन्हा शून्यावर आला, आणि ज्या जुन्या उपकरणांत या उलटण्याची सोय नव्हती त्यांची तारीख जवळपास वीस वर्षं मागे गेली.

त्यात ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचे अपवाद सोडले, तर तयार किंवा जुळणीच्या संचातला ड्रोन बाहेरून आणता येत नाही. सुट्या भागांना मात्र परवानगी लागत नाही. या धोरणाने देशी कारखान्यांचं किती भलं झालं हा मोठा विषय आहे. दुरुस्तीच्या टेबलावर त्याचा परिणाम साधा होतो: हातातलं यंत्र टिकवायचं, आणि टिकवायला लागणारा भाग सुट्या चिपांतून उभा करायचा.

आता जरा आकाशाकडे वळलं पाहिजे, कारण चकती काय करते हे नीट समजल्याशिवाय ती बनवण्यातली अडचण कळत नाही.

४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेत मेरीलँडमधल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याचा रेडिओवरचा 'बीप बीप' ऐकत बसले. उपग्रह जवळ येताना सुराची कंपनसंख्या वाढते, दूर जाताना उतरते. त्या चढउतारावरून त्यांनी स्पुटनिकची कक्षा काढून दाखवली. १९५८ मध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी प्रश्न उलटा केला: कक्षा माहीत असेल तर ऐकणारा कुठे उभा आहे हे काढता येईल का? त्यातून पाणबुड्यांसाठी 'ट्रान्झिट' ही प्रणाली आली आणि पुढे १९७३ मध्ये जीपीएसचा आराखडा ठरला. पहिला जीपीएस उपग्रह १९७८ मध्ये गेला. नागरिकांसाठीच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेने मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली. शंभर मीटरच्या घरातली चूक एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली, आणि आजच्या प्रत्येक हौशी ड्रोनचा जन्म त्या निर्णयाशी जोडलेला आहे.

उपग्रह आपल्याला आपलं ठिकाण सांगत नाही. हे मी मुद्दाम ठासून लिहितो, कारण शिकलेल्या माणसांचाही इथे गैरसमज असतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो फक्त दोन गोष्टी सांगतो: आत्ता माझ्या घड्याळात किती वाजले, आणि मी कक्षेत कुठे आहे. तो संदेश प्रकाशाच्या वेगाने ०.०७ सेकंदात खाली येतो. घड्याळात एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर ३०० मीटरची चूक. म्हणून उपग्रहात अणुघड्याळं असतात. सापेक्षतेच्या नियमाने ती घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, आणि तोही हिशेब आधीच धरलेला असतो. रिसीव्हरकडे असलं घड्याळ नसतं. त्यामुळे त्याच्यापुढे चार अज्ञात संख्या असतात: अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळाची चूक. चार अज्ञातांसाठी किमान चार उपग्रह. बाकी सगळं गणित त्या नखाएवढ्या चिपमध्ये होतं.

आणि ऐकू येणारा आवाज किती बारीक? एका वॉटचे शंभर कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाइतकी शक्ती अँटेनापर्यंत पोचते. आजूबाजूच्या नैसर्गिक रेडिओ-गोंगाटाच्या ती खालीच असते. प्रत्येक उपग्रहाचा १०२३ अंकांचा एक ठरलेला क्रम असतो, तो दर मिलिसेकंदाला परत येतो. रिसीव्हर तो क्रम स्वतःकडे तयार करून पुढे-मागे सरकवत राहतो आणि जुळला, की गोंगाटाच्या पोटातून उपग्रह वर येतो. हा क्रम, संदेशाची मांडणी, प्रत्येक बिटाचा अर्थ हे सारं अमेरिकन सरकारने जाहीर दस्तऐवजात छापलेलं आहे. आपल्या इस्रोनेही 'नाविक' या देशी उपग्रह-प्रणालीच्या नागरी संदेशाचा तसाच दस्तऐवज प्रसिद्ध केला आहे. एका महासत्तेच्या लष्करी उपग्रहांची भाषा कुणीही विद्यार्थी वाचू शकतो. त्या चकतीतून कंट्रोलरकडे जाणाऱ्या वीतभर वायरमधली भाषा मात्र कंपनीने कुणाला सांगितली नाही. ज्याने यंत्र पैसे मोजून घेतलं, त्याला त्याच्या दोन भागांमधलं संभाषण समजू नये हे मला मान्य नाही, आणि इतक्या वर्षांनंतर, ते यंत्र बाजारातून गेल्यावरही समजू नये हे तर मुळीच नाही.

सुदैवाने माणसं कान लावून बसतात. २०१३ च्या सुमारास वेगवेगळ्या देशांतल्या हौशी लोकांनी नाझाच्या चकतीच्या वायरवर लॉजिक अ‍ॅनालायझर लावून तिचं बोलणं टिपलं आणि उलगडलं. वेग सेकंदाला १,१५,२०० बिटांचा. प्रत्येक संदेशाची सुरुवात ठरलेल्या दोन बाइटांनी: आधी ०१०१०१०१, मग त्याचं उलट १०१०१०१०. त्यानंतर संदेशाचा प्रकार आणि लांबी. ठिकाणाचा संदेश एकूण ६४ बाइटांचा, दर पाव सेकंदाला एक. होकायंत्राचा त्याहून खूप लहान.

हे उलगडतं कसं? चकती एका जागी ठेवायची आणि संदेश साठवायचे. मग शंभर पावलं पूर्वेला न्यायची, पुन्हा साठवायचे. जे बाइट बदलले ते रेखांशाचे असणार. गच्चीवर नेली की बदलतात ते उंचीचे. इथे एक अडसर होता. काही बाइट एका मुखवट्याखाली झाकलेले होते. 'एक्सॉर' नावाच्या क्रियेत दोन बिट सारखे असले तर उत्तर ०, वेगळे असले तर १ येतं, आणि तोच मुखवटा दुसऱ्यांदा लावला की मूळ आकडा परत मिळतो. मुखवटा संदेशागणिक बदलत होता, पण त्याची किल्ली त्याच संदेशात दडलेली होती, आणि पुरेसे संदेश शेजारी-शेजारी मांडल्यावर ती सापडली. आणखी एक धागा संदेशाच्या शेवटी होता. संदेश वाटेत बिघडला नाही ना, हे तपासण्यासाठी शेवटी दोन बाइटांची बेरीज असते. ती काढण्याची रीत स्वित्झर्लंडच्या यू-ब्लॉक्स कंपनीच्या रिसीव्हरांत वापरतात तीच निघाली. आतला रिसीव्हर कुणाचा, हे झाकणाने लपवलं होतं. बेरजेने सांगून टाकलं. मिळालेली माहिती त्या लोकांनी सर्वांसाठी खुली ठेवली. मामा-भाचीच्या टेबलावरचं काम त्या खुल्या ठेवलेल्या माहितीवर उभं आहे, आणि हे दोघंही ते पहिल्या वाक्यात सांगतात.

खरेदी मामाची. तपकीर गल्लीत रिसीव्हरच्या तयार पाट्या टांगलेल्या असतात आणि प्रत्येकीवर यू-ब्लॉक्सचं नाव असतं. आत चिप तोच असेल याची खात्री नसते. वरून पाहून कळणारं नाही. चिपला त्याच्या स्वतःच्या भाषेत 'तुझी आवृत्ती सांग' अशी आज्ञा पाठवायची, आणि उत्तर काय येतं ते पाहायचं. होकायंत्राचं त्याहून मजेशीर. हनीवेल कंपनीचा एक चिप हौशी लोकांत फार चालला, मग त्याचं उत्पादन थांबलं. आता त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या पाट्यांवर बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीचा, जवळपास त्याच नावाचा चिप असतो. दोघांची आतली रचना निराळी, आज्ञा निराळ्या. ओळखायची खूण म्हणजे पत्ता: जुना चिप ३० या पत्त्यावर उत्तर देतो, नवा १३ वर. मामाने दुकानातच बॅटरीवर चालणारा छोटा बोर्ड काढला आणि पत्ता विचारला.

"तेरा बोलतोय," तो म्हणाला. "चालेल. कोण आहे ते कळल्यावर भीती नाही."

दुकानदाराने बिलावर जुनंच नाव लिहिलं.

जोडणी म्हटलं तर अर्ध्या दुपारची. मामा सोल्डर मारतो तेव्हा त्याच्या हाताकडे पाहत राहावं. पण खरं काम प्रोग्रॅममध्ये होतं आणि ते भाचीचं. यू-ब्लॉक्सचा रिसीव्हर दोन प्रकारे बोलतो. एक, जहाजांच्या उपकरणांतून आलेली, अक्षरांत लिहिलेली जुनी पद्धत. ती डोळ्यांनी वाचता येते, म्हणून बहुतेक विद्यार्थी तिथूनच सुरुवात करतात. त्या नेहमीच्या वाक्यांत ड्रोनला हवं ते सगळं नसतं. वर-खाली जाण्याचा वेग नसतो, आणि आपल्या उत्तरात किती मीटरची चूक असू शकते याचा रिसीव्हरचा स्वतःचा अंदाजही नसतो. दुसरी पद्धत यंत्राची, बाइटांची. तिच्यातल्या एकाच संदेशात ठिकाण, उत्तर-पूर्व-खाली असे तिन्ही दिशांचे वेग, चूक किती असेल याचा अंदाज, उपग्रहांची संख्या, सगळं एकत्र येतं. हे वेग ठिकाणांच्या वजाबाकीतून काढलेले नसतात. गायर आणि वायफेनबाख यांनी ऐकलेल्या त्याच सुराच्या चढउतारातून रिसीव्हर ते थेट मोजतो, म्हणून ते ठिकाणापेक्षा कितीतरी बिनचूक असतात. ड्रोन हवेत एका जागी थांबतो तो मुख्यतः त्यांच्या जोरावर.

भाचीच्या कॉलेजमधल्या एका मित्राने आधी अक्षरांची पद्धत वापरून असाच प्रयत्न केला होता. त्याचा ड्रोन पूर्व-पश्चिम दिशेला हातभर झटके देत थांबायचा. उत्तर-दक्षिण तितका नाही. कारण आकड्यांत होतं. स्वस्त आर्डुइनो बोर्डावर दशांश संख्या ३२ बिटांत साठवली जाते. पुण्याचा रेखांश ७३ च्या पुढचा. एवढ्या आकड्याला ३२ बिटांत दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर जमिनीवर सुमारे ८० सेंटिमीटर पडतं. अक्षांश १८ च्या पुढचा, म्हणून तिथे ते अंतर २० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे रिसीव्हर नीट सांगत होता, वाटेतला बोर्ड उत्तर गोल करून टाकत होता. तोच प्रोग्रॅम लंडनजवळ, जिथे रेखांश शून्याला लागून आहे, पूर्व-पश्चिम झटक्यांशिवाय चालला असता. भाचीने दशांश वापरलाच नाही. अंशाला एक कोटीने गुणून मिळणारा पूर्णांक, रिसीव्हरकडून आला तसाच, एकही भागाकार न करता पुढे दिला. त्यातली एक पायरी म्हणजे जमिनीवर एक सेंटिमीटरहून किंचित जास्त.

होकायंत्राने दोघांना सर्वांत जास्त काळ छळलं.

जीपीएस ठिकाण सांगतो, तोंड कुठे आहे ते सांगत नाही. ड्रोन जागच्या जागी उभा असेल तर त्याचं नाक उत्तरेला आहे की आग्नेयेला, हे उपग्रहांवरून एका अँटेनाला कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय 'दोन मीटर पूर्वेला सरक' या आज्ञेला अर्थ नाही. होकायंत्र थोडं चुकलं तर ड्रोन पूर्वेऐवजी जरा तिरपा जातो, चूक लक्षात येते, पुन्हा तिरपी दुरुस्ती करतो, आणि असा वळत-वळत गोल फिरू लागतो. चूक मोठी असेल तर वर्तुळं रुंदावत जातात. हौशी मंडळी याला 'टॉयलेट बोल' म्हणतात आणि ते पाहिलेला माणूस विसरत नाही.

हे होकायंत्र पृथ्वीचं जे चुंबकीय क्षेत्र मोजतं ते आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. एफ-४५० तरंगताना बॅटरीतून १५-२० अँपिअर प्रवाह ओढतो. २० अँपिअर वाहणाऱ्या एका सरळ तारेपासून १० सेंटिमीटरवर क्षेत्र किती? बरोबर ४० मायक्रोटेस्ला. ड्रोनच्या पोटातली एक वायर होकायंत्राला पृथ्वीइतक्याच जोराने ओढू शकते. म्हणून ती काडी. म्हणून बॅटरीच्या लाल-काळ्या वायरी एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या, म्हणजे जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांचं क्षेत्र पुसून टाकतात.

या अडचणीला महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या मुलांना शाळेत सांगत नाहीत याचं मला वाईट वाटतं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. सप्टेंबर १८५९ मधल्या इतिहासातल्या सर्वांत प्रसिद्ध सौरवादळाची कुलाब्याची नोंद आजही जगभरचे संशोधक उघडून पाहतात. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या लक्षात आलं. जागा बदलायची ठरली आणि समुद्रापलीकडचं अलिबाग निवडलं गेलं. तिथे चुंबकाला न ओढणाऱ्या दगडात इमारत बांधली, १९०४ मध्ये मोजणी सुरू झाली, आणि दोन्ही ठिकाणच्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग एकाच वेळी मोजत राहिले. ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. विजेच्या तारा हलवता येत नसतील तर होकायंत्र दूर न्यायचं, हा तोडगा मूस यांनी मुंबई आणि अलिबाग यांच्यातल्या खाडीएवढा वापरला. ड्रोनवर तो वीतभर काडीएवढा असतो.

एका बाबतीत आपण सुखी आहोत. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतलं अंतर महाराष्ट्रात एक अंशही नाही. जगात इतरत्र ते दहा-पंधरा अंश, कुठे त्याहूनही जास्त असतं आणि दुरुस्तीचा आकडा चुकवून चालत नाही.

सगळं जोडून झालं त्या संध्याकाळी नाझाचा दिवा लाल उघडझाप थांबवून हिरवा झाला. उपग्रह पुरेसे आहेत, ठिकाण मिळालं आहे, असा त्याचा अर्थ. भाची उडवायला निघाली होती.

"थांब," मामा म्हणाला. "आधी ती खोटं बोलते का ते बघू."

त्याने स्वयंपाकघरातून स्टीलचा डबा आणला आणि चकतीवर उपडा घातला. उपग्रह एकेक करून गळू लागले. चूक किती असेल याचा रिसीव्हरचा अंदाज दोन मीटरवरून वाढत गेला, मग त्याने ठिकाण मिळत नसल्याचं सांगितलं आणि दिवा पुन्हा लाल झाला. इथवर ठीक. मग मामाने डबा काढला, दिवा हिरवा होऊ दिला, आणि रिसीव्हर व मायक्रोकंट्रोलर यांच्यामधली बारीक वायर उपसली. दिवा हिरवाच राहिला.

"मामा, हे कसं शक्य आहे? वायर तर काढलीस ना तू?"

कारण तिच्याच प्रोग्रॅममध्ये होतं. नाझाला दर पाव सेकंदाला संदेश लागतो; ताल चुकला तर तो चकतीच बिघडली असं समजतो. म्हणून तिने रिसीव्हरकडून काही आलं नाही तर शेवटचा संदेश परत पाठवायची सोय केली होती. संदेशात एक अनुक्रमांकही असतो. तो प्रत्येक वेळी एकने वाढत होता. त्यामुळे शिळा संदेश दर वेळी ताजा दिसत होता. हवेत असं झालं असतं तर कंट्रोलरला वाटलं असतं की आपण अगदी स्थिर उभे आहोत, वेग शून्य, उपग्रह बारा, आणि वारा ड्रोनला गावाबाहेर घेऊन गेला असता. दिवा शेवटपर्यंत हिरवा.

घरी बनवलेल्या भागाची कसोटी अचूकतेवर लागते असं मला तोवर वाटत होतं. त्या टेबलापाशी माझं मत बदललं. दोन मीटरऐवजी पाच मीटर चुकणारी चकती चालते, कारण कंट्रोलरला चूक किती असेल याचा अंदाज कळतो आणि तो तेवढा सावध राहतो. अजिबात ठिकाण न देणारी चकतीही चालते: नाझा मग फक्त तोल आणि उंची सांभाळतो, सरकणारा ड्रोन माणूस हाताने उतरवतो. न चालणारी चकती एकच, जिला माहीत नाही आणि जी माहीत असल्यासारखं बोलते. विकत मिळणाऱ्या वस्तूत हा सगळा विचार कुणीतरी आधी करून ठेवलेला असतो आणि तो झाकणाखाली असतो. स्वतः बनवणाऱ्याला तो पहिल्यापासून करावा लागतो, आणि मला वाटतं इंजिनिअरिंगच्या शिक्षणातला तो सर्वांत मोलाचा भाग आहे. परीक्षेत मात्र 'अचूकता किती' एवढंच विचारतात.

भाचीने दुसऱ्या दिवशी प्रत्येक संदेशाला वय दिलं. अर्ध्या सेकंदाहून जुना झाला की उपग्रह शून्य, ठिकाण नाही, अनुक्रमांक मात्र चालू. ताल राहिला आणि खोटं गेलं. त्यावर तिने एक जास्तीची सोय केली: हातातल्या रिमोटवरचा एक मोकळा खटका दाबला, की चकतीने हवेत असतानाच 'मला ठिकाण माहीत नाही' म्हणायचं.

उडवायला ती दोघं शिरूरकडच्या एका माळावर गेली, मीही होतो. पुण्यात लोहगावचा हवाईतळ आहे, खडकवासल्याला एनडीए आहे, बाकी लष्करी जागा आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नकाशावर हिरवा दिसणारा भाग गाठायचा, ४०० फुटांच्या खाली आणि नजरेच्या टप्प्यात राहायचं, तर शहर सोडावंच लागतं. सकाळची वेळ, वारा बेताचा. ड्रोन डोक्याएवढ्या उंचीवर गेला, भाचीने रिमोटच्या काड्यांवरून अंगठे काढले आणि तो थांबला. थोडा डोलला, थोडा सरकला, परत आला. मग वर नेऊन तिने तो खटका दाबला. ड्रोनने लगेच जागा सोडली आणि वाऱ्याबरोबर पूर्वेला सरकू लागला. मामाच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं ते ड्रोन थांबला तेव्हा नव्हे, सरकला तेव्हा. खटका सोडल्यावर त्याने पुन्हा जागा धरली. भरधाव नेताना होकायंत्र अजूनही थोडं कलतं, ते नोंदींत दिसलं. काडी आणखी उंच करायचं ठरलं.

संध्याकाळी पुन्हा उडवायचा भाचीचा विचार मामाने नाही, मीच लांबवला, आणि त्याला कारण आहे. भारताच्या बऱ्याच भागावर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, असा पट्टा आहे, की सूर्यास्तानंतरच्या काही तासांत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्यात खळबळ माजते. उपग्रहाचा बारीक आवाज तेव्हा थरथरतो, कधी तुटतो. सूर्य जोमात असलेल्या वर्षांत हे जास्त होतं. विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी विमानांसाठी 'गगन' ही सुधारणा-प्रणाली उभी केली तेव्हा या आयनांबराचा नकाशा सतत बनवत राहणं हेच मोठं आव्हान होतं. विषुववृत्ताजवळच्या आकाशासाठी अशी प्रणाली उभारणारा भारत पहिला. तिचा भूस्थिर उपग्रहांवरून येणारा संदेश तपकीर गल्लीतल्या या रिसीव्हरलाही ऐकू येतो. भाचीने ती सोय चालू करून ठेवली आहे.

आता तिला नाविक हवं आहे. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. पहिल्या पिढीचे उपग्रह नागरिकांशी एल-५ या पट्ट्यावर, ११७६.४५ मेगाहर्ट्झवर बोलतात. जीपीएसचा नेहमीचा पट्टा १५७५.४२ चा, आणि स्वस्त रिसीव्हर तेवढाच ऐकतात. त्यामुळे आपल्या डोक्यावरचे आपलेच उपग्रह आपल्याच बाजारातल्या बहुतेक चकत्यांना वर्षानुवर्षं ऐकू आले नाहीत. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ वर देशात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ आहे आणि तो नेहमीच्या पट्ट्यावरही बोलतो. जानेवारी २०२५ मध्ये गेलेला त्याचा पुढचा भाऊ झडप न उघडल्याने ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. ही उणीव भरून निघायला हवी. अशा प्रणालीचा खरा उपयोग कळतो तो दुसऱ्या कुणी आपला संदेश बंद केला त्या दिवशी, आणि त्या दिवसाची वाट पाहत बसण्यात शहाणपण नाही.

दोन्ही पट्टे एकाच वेळी ऐकणारा रिसीव्हर घेतला तर आणखी एक फायदा होतो. आयनांबर दोन कंपनसंख्यांना वेगवेगळा उशीर लावतं. दोन उशिरांतला फरक मोजला, की आयनांबराची चूक रिसीव्हरला स्वतःच काढता येते, कुणाच्या नकाशाशिवाय. संध्याकाळच्या उड्डाणासाठी भाचीला तेच हवं आहे. प्रोग्रॅममधला रिसीव्हर वाचणारा भाग तिने वेगळा ठेवला आहे, तेवढाच बदलावा लागेल. अडलंय ते अँटेनापाशी: २५ मिलिमीटरची आत्ताची सिरॅमिकची वडी फक्त वरच्या पट्ट्याला जुळवलेली आहे, दोन्ही पट्ट्यांची अँटेना जाड आणि जड येते. मामाने लॅमिंग्टन रोडवर दोन दुकानांत विचारून ठेवलं आहे.